तिसऱ्या प्लगची टोपी

"पण मग कधी, अक्का?"

लिंबाखाली बसलेल्या तुळसाक्कांनी सुपातली मटकी पाखडली. एक खडा दिसला, तो उचलून बाजूला टाकला.

"मी काय आजच विचारतोय? पाडव्याला विचारलं. गुरुपौर्णिमेला विचारलं. तुम्ही म्हणालात, बघू. अजून तुमचं बघूच चाललंय. अनुग्रह द्यायचाच नसेल तर तसं तरी सांगून टाका..."

हे बोलताना भालचंद्र इंगवले मठाच्या जुन्या जीपवर ओणवा झालेला होता. बॉनेट उघडं. डाव्या हातात इंजिनातून काढलेला तिसरा प्लग. उजव्या हाताची बोटं त्या प्लगच्या शेंड्यावरची पितळी टोपी पिळून काढत होती. टोपी कसली, हरभऱ्याएवढा जीव तो. पण नजर टोपीवर नव्हती. नजर अक्कांवर होती.

"निदान माझं चुकतंय काय, एवढं तरी..."

टण्.

पितळी भांड्यात वाटाणा पडावा एवढाच आवाज. भालचंद्राने बोटांकडे पाहिलं. बोटं रिकामी. पायाशी पाहिलं. पायाशी माती होती, आणि मातीवर पडलेलं काही टण् वाजत नाही. मग, पाहूच नये असं वाटत असताना, त्याने इंजिनातल्या प्लगच्या भोकाकडे पाहिलं.

भोक सताड उघडं होतं.

"काय पडलं?" अक्कांनी विचारलं.

"काही नाही."

"मग वाजलं काय?"

भालचंद्राने कपाळावर हात मारून घेतला. हाताचं काळं कपाळाला लागलं.

साताऱ्याच्या एका इंजिनांच्या कारखान्यात तो फोरमन होता. प्लग काढला की त्याच्या भोकात आधी चिंधी कोंबायची, मगच दुसऱ्या कामाला हात घालायचा, हे त्याने हाताखालच्या माणसांना घोकून घोकून शिकवलेलं. एकाने एकदा ही चूक केली, तर त्याला सगळ्यांसमोर उभं करून असा झापला, की तो गडी जेवणाच्या सुट्टीत घरी गेला तो परत आलाच नाही. पुढे भालचंद्राची बायको गेली, मुलगी सासरी गेली, घरात भांडं वाजवायलाही कुणी उरलं नाही. तेव्हा तो माणच्या माळावरल्या या मठात येऊन राहिला. पहाटे उठायचा, जप करायचा, एकादशा करायचा. मठाची ही सांगाडा झालेली जीप त्याने हाडं जुळवावीत तशी जुळवून रस्त्यावर आणली होती. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे.

एवढं करून अनुग्रह मात्र नाही. आणि त्याच्यामागून आलेल्यांना मिळून गेला. पुण्याच्या एक बाई सकाळी आल्या, दुपारी अनुग्रह घेऊन, संध्याकाळी गेल्यासुद्धा. स्वयंपाकघरातल्या वामनबुवांना तर आल्या आल्याच मिळाला. वामनबुवांना अजून आरती धड पाठ नव्हती. जिथे शब्द सुचत नाही तिथे ते नुसतं "हो हो हो" म्हणत.

तेच वामनबुवा आता हात पुसत पुसत बाहेर आले.

"काय झालं वो, फोरमन?"

"इंजिनात टोपी पडली."

"कुनाची?"

"प्लगची!"

"मंग ऱ्हाऊ द्या की. बारकी तर हाय."

भालचंद्राने डोळे मिटून घेतले. मग एकेक शब्द मोजून टाकावा तसा तो बोलला. "वामनबुवा, आत दट्ट्या असतो. तो खालीवर होतो. भयंकर वेगात. मध्ये ती टोपी आली, तर दट्ट्या तरी फुटेल, नाहीतर झडप तरी वाकेल. गाडी मरेल. टोपी काढल्याशिवाय ही गाडी चालू करायची नाही. कळलं?"

"कळलं की." वामनबुवा भोकावर वाकले. "काय दिसंना ह्यात."

"डोकं काढा तुमचं. उजेड अडतोय."

अक्का मटकी निवडत होत्या.

* * *

भालचंद्राने विजेरी आणली. हत्यारांच्या पेटीतून लांब दांडीचा लोहचुंबक काढला. कारखाना सोडताना एवढं एक हत्यार त्याने स्वतःसाठी आठवणीने आणलेलं. दांडी भोकात घालताना मनात आलं, की हाताखालच्यांना आपण हेच सांगायचो, पडलं म्हणून घाबरायचं नाही, चुंबक घालायचा, फिरवायचा, वर घ्यायचं.

त्याने घातला. फिरवला. वर घेतला.

चुंबक कोरडाच.

"लागली न्हाय?" वामनबुवा म्हणाले.

भालचंद्र चुंबकाकडे पाहत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचीच चीड आली. टोपी पितळेची. पितळ कधी चुंबकाला लागलंय?

"लोखंड नाही ते," तो पुटपुटला.

"मंग घातला कशापायी?"

भालचंद्राने चुंबक पेटीत टाकला. दट्ट्या खाली असला की टोपी खोल जाते, वर आला की तीही वर येते. त्याने पुढच्या बाजूला हँडल लावलं आणि वामनबुवांना धरायला दिलं.

"हळूहळू फिरवायचं. अगदी हळू. मी थांब म्हटलं की थांबायचं."

वामनबुवांनी पीठ मळणाऱ्या दोन्ही हातांनी हँडल धरलं. भालचंद्र विजेरी घेऊन भोकावर वाकला. आत काळोखातून दट्ट्याचं काजळलेलं डोकं हळूहळू वर येऊ लागलं. आणि त्याच्या एका कडेला काहीतरी चमकलं.

"दिसली! थांबा."

"आँ?"

"थांबा!"

वामनबुवा थांबले, पण त्याआधी त्यांनी आणखी एक हिसका दिला. चमक दिसेनाशी झाली.

"थांबा म्हणजे थांबा! मराठी कळतं ना?"

"तुमीच फिरव म्हनला."

"थांबायला कधी सांगितलं?"

"सांगितलंसा तवा थांबलो की मी."

झाडाखालून अक्का म्हणाल्या, "भालू, तो बहिरा नाही."

भालचंद्राने ओठ आवळले. हँडल आपल्याच हातात घेतलं. एकदा हँडल, एकदा विजेरी, एकदा पुढे, एकदा बाजूला, अशा येरझाऱ्या घालून त्याने दट्ट्या पुन्हा वर आणला. टोपी पुन्हा दिसली. कडेला, आडवी पडलेली. भोकातून बोट जात नव्हतं. चिमटा जात होता, पण आत गेल्यावर उघडत नव्हता.

तारेच्या टोकाला ग्रीस लावून पाहिलं. टोपी ग्रीसला चिकटली, दोन बोटं वर आली आणि घसरून पडली. पुन्हा चिकटवली, पुन्हा पडली. तिसऱ्या खेपेला तारच निसटली आणि टोपी आणखी कडेला सरकली.

"गूळ लावा," वामनबुवा म्हणाले. "चिक्कीचा गूळ हाय घरात."

"इंजिनात गूळ?"

"चिकटतो चांगला."

"वामनबुवा, तुमच्या पाया पडतो... तुम्ही भाकरी करायला जा."

"भाकरी झाल्या."

* * *

तेवढ्यात हणमंत गुरव आला.

खालच्या वाडीतला हा गुरवाचा गडी. वय चाळिशीच्या आतलं, पण दोन्ही मूत्रपिंडं निकामी. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, तर पुढचे दिवस धड जायचे. त्याच्यासाठी म्हणूनच मठाची जीप ठरल्या वारी निघायची, आणि नेण्या-आणण्याचं काम भालचंद्राचं. बरोबर बायको शेवंता. तिच्या हातात कापडी पिशवी. पिशवीत चादर, कागदपत्रं आणि भाकरीचं गाठोडं.

दोघं लिंबाखाली टेकली. उघड्या बॉनेटकडे बघत राहिली.

वामनबुवांनीच सांगून टाकलं. "टोपी पडलीया आत. गाडी चालू व्हईना."

"आमची मशीन?" शेवंता म्हणाली.

भालचंद्राने मान वर करून सूर्य बघितला.

मशीनची वेळ दुपारची. तोपर्यंत पोचलं नाही, तर पलंग दुसऱ्याला. सकाळची एसटी कधीच निघून गेलेली. वाडीतला एकुलता एक पिकअप डाळिंबं भरून सांगलीला गेलेला. मागे एकदा कुणीतरी हणमंताला मोटारसायकलवर नेलं होतं, तेव्हा तो चक्कर येऊन वाटेतच खाली पडला होता.

"व्हईल नव्हं, फोरमनसाहेब?" शेवंताने विचारलं.

"होईल. मध्ये बोलू नका फक्त."

त्याच्या बोलण्याला धार आली होती. शेवंताने पिशवी मांडीवर घेतली. हणमंताने पाय पुढे पसरले. सुजून पाय चपलेत मावत नव्हते, म्हणून चपला काढून बाजूला ठेवल्या. हे भालचंद्राच्या डोळ्यांसमोरून गेलं, पण त्याने पाहिलं असं म्हणता येणार नाही. त्याच्या डोक्यात टोपी होती. टोपी, आणि टोपीच्या खाली दबलेलं ते दुसरं. आजच का? त्या बाईला अर्ध्या दिवसात मिळाला. या गूळवाल्याला मिळाला. आणि मी विचारायला तोंड उघडलं, तर हे.

बाजूला डाळिंबांच्या ठिबकचं भेंडोळं पडलं होतं. त्यातली बारीक काळी नळी पाहून भालचंद्र थबकला. त्याने ब्लेडने हातभर तुकडा कापला. टोक गुळगुळीत तासलं. नळी भोकातून आत सोडली, विजेरी काखेत धरली, नळीचं वरचं टोक दातांत धरलं आणि श्वास आत ओढला.

तोंडात जळक्या तेलाची आणि पेट्रोलची चव भरली. पण खाली नळीच्या तोंडाशी काहीतरी बसल्याचं जिभेला कळलं. हवा यायची थांबली. टोपी नळीला लागली होती.

त्याने श्वास ओढलेला तसाच धरून ठेवला आणि नळी वर घ्यायला सुरुवात केली. केसभर... आणखी केसभर...

"आली का?" वामनबुवांनी कानाशी विचारलं.

"अहो, गप्प बसा की..."

टण्.

भालचंद्र सरळ झाला. नळी तशीच दातांत. त्याच्या ओठांच्या दोन्ही कडांना काळं लागलं होतं. वामनबुवा एक पाऊल मागे सरकले.

"मी विचारलं हो नुसतं."

"का विचारलं? विचारून टोपी येणार होती का? एवढंसं तोंड मिटून राहता येत नाही माणसाला?"

हे बोलून झाल्यावर भालचंद्राला वाटलं, अक्का काहीतरी म्हणतील. सुपातली मटकी निवडून संपली होती. तरी त्या सूप मांडीवर घेऊन बसून होत्या.

दुसऱ्यांदा नळी घेतली. या वेळी वामनबुवा बरेच लांब, तोंडावर हात ठेवून उभे. शेवंता उठून उभी राहिलेली. भालचंद्राने टोपी पकडली, श्वास धरला आणि नळी वर वर आणली. भोकाच्या तोंडाशी पितळ चमकलं. आता नुसती बाहेर काढायची, की झालं. कुठे तो चुंबक आणि कुठे ही अक्कल! डोकं लागतं याला. भालचंद्राचा ऊर भरून आला.

"आली!" तो म्हणाला.

टण्.

कुणीही हसलं नाही. भालचंद्राला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

त्याने बॉनेटच्या कडेवर दोन्ही हात ठेवले आणि मान खाली घातली. घाम नाकावरून थेंबाथेंबाने इंजिनावर पडत होता. लिंबाची सावली आखडून बुंध्याशी आली होती. जायला लागणारा वेळ, रस्त्याचे खड्डे, चढाची वाट, या सगळ्याचा हिशेब मनात झाला आणि त्याच्या लक्षात आलं की आता एकच खेप उरली आहे. फार तर एक.

"ऱ्हाऊ द्या, फोरमन," हणमंत म्हणाला. "न्हाय झालं तर न्हाय. फुडच्या वारी जाऊ."

शेवंताने झटकन त्याच्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

भालचंद्राने नळी पुन्हा दातांत धरली.

* * *

टोपी या वेळी पटकन लागेना. नळीचं टोक दट्ट्यावर घसरत होतं. तेल तोंडात आलं, ते त्याने गिळलं, थुंकायलाही तोंड उघडलं नाही. मग एकदाची बसली. छाती भरली, गाल आत ओढले गेले, मानेच्या शिरा तटतटल्या. नळी वर निघाली.

आणि त्याच वेळी कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं.

लुगड्याला मटकीचा वास होता.

"भालचंद्र," अक्का म्हणाल्या.

त्या त्याला कधी पूर्ण नावाने हाक मारत नसत. भालू म्हणत. त्याने डोळे वळवून पाहिलं. मान हलवायची सोय नव्हती.

अक्का त्याच्या कानाशी वाकल्या.

"अनुग्रह हवा ना तुला?"

त्याच्या कानशिलात घण बसल्यासारखं झालं.

"आत्ता देते. इथंच. हो म्हण."

नळी अर्ध्यात होती. श्वास संपत आला होता. भालचंद्राचे डोळे मोठे झाले. आत्ता? आत्ताच? दोन शब्द नाहीत, एकच अक्षर. हो. त्यासाठी त्याने घर सोडलं होतं. त्यासाठी तो थंडीवाऱ्यात विहिरीच्या पाण्याने आंघोळी करत होता. आणि ही बाई, जी कधीच काही देत नाही, ती आज, या क्षणाला, तोंडात नळी असताना...

अक्का थट्टा करत नव्हत्या. हीच तर पंचाईत होती. त्यांचा चेहरा एरवी देवघरात बसतात तसा होता.

"उद्याचं मला माहीत नाही," अक्का म्हणाल्या. "विचारतेय तोवर बोल."

भालचंद्राच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पेट्रोलचं होतं की रागाचं, कोण सांगणार. बॉनेटच्या खालून, चाकापलीकडे, त्याला हणमंताचे पाय दिसत होते. उघडे. टरारून फुगलेले. पावलावर चपलेच्या पट्ट्याचा वळ तसाच रुतलेला.

"नको?" अक्कांनी विचारलं.

भालचंद्राने डोळे गच्च मिटले.

नळी वर आली. केसभर. आणखी. छाती फुटेल असं वाटलं. त्याने डावा हात चाचपडत भोकाशी नेला. टोक बाहेर निघताच तळवा खाली धरला, आणि मग श्वास सोडला.

तळव्यावर हरभऱ्याएवढी पितळी टोपी पडली.

"हो!" भालचंद्र ओरडला. "हो, अक्का! हवा!"

बाजूला कुणी नव्हतं. अक्का सूप घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून आत जात होत्या.

"अक्का!"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

* * *

पाठोपाठ धावायला वेळ नव्हता. टोपी पिळून बसवली, प्लग कसला, तारा जोडल्या, बॉनेट आदळलं. जीप पहिल्या फटक्यात चालू झाली. एरवी याचं त्याला केवढं कौतुक वाटलं असतं. वामनबुवांनी हणमंताला उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडीच्या टपाला नमस्कार केला.

अख्ख्या रस्त्यात भालचंद्र धुमसत होता. ही काय रीत झाली? मागतो तेव्हा मटकी निवडायची, आणि तोंड बंद असताना देऊ करायचं! गुरू म्हणायचं की वैरी? संध्याकाळी जाऊन सरळ विचारतो. सरळ. असा छळ कशासाठी म्हणून विचारतो. खड्डा आला तरी त्याने वेग कमी केला नाही. हणमंत कण्हला, तेव्हा केला.

"अक्का काय म्हनत व्हत्या वो कानात?" शेवंताने मागून विचारलं.

"काही नाही."

"तुमच्या डोळ्यातनं पानी येत व्हतं."

"पेट्रोल होतं ते."

वेळेत पोचले. पलंग मिळाला.

एरवी भालचंद्र हणमंताला दारात सोडायचा, जीप सावलीत लावायचा, सीटवर मांडी घालायचा आणि त्याचं आटपेपर्यंत जप करत बसायचा. दवाखान्याच्या आत तो कधी गेला नव्हता. आज सीटवर बसला, माळ काढली, पण मणी काही सरकेना. जिभेवर तेल होतं. दोनदा चूळ भरली, तरी गेलं नाही. शेवटी तो पाणी मागायला म्हणून आत शिरला.

हणमंत पलंगावर होता. हातातून निघालेल्या दोन नळ्यांतून त्याचं रक्त बाजूच्या मशीनमध्ये जात होतं आणि परत येत होतं. मशीन हलकेच घुरघुरत होती. सवयीने भालचंद्राने तिचा आवाज कानांनी तपासला. सुरळीत होता.

"शेवंता?"

"औषध आनाया गेली," हणमंत म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. दात आवळलेले. "फोरमन... जरा पाय दाबता का? गोळा येतोय. लई येतोय."

भालचंद्राने आपल्या हातांकडे पाहिलं.

"काळे आहेत हात माझे."

"ऱ्हाऊ द्या... दाबा."

त्याने पोटरी धरली. कातड्याखाली गाठ दगडासारखी वळली होती. पाठीचा कणा मोडून जाईल अशा कळेने हणमंत ताठ झाला. भालचंद्राने अंगठे रोवले, सोडले, पुन्हा रोवले. गाठ सुटेना. त्याला वाटलं, काहीतरी बोलावं, धीर द्यावा. पण शब्द काही सुचला नाही, आणि हात थांबवता येत नव्हते. मग तो नुसताच दाबत राहिला.

बऱ्याच वेळाने गाठ सैल झाली.

"सुटली," हणमंत म्हणाला आणि डोळे मिटले.

पांढऱ्या चादरीवर भालचंद्राच्या हातांचे काळे ठसे उमटले होते. पोटरीवरही होते. शेवंता औषध घेऊन आली, तिने ते पाहिले आणि पायथ्याची जागा त्याच्यासाठी तशीच ठेवून स्वतः उशाशी बसली.

गोळा पुन्हा आला. भालचंद्राने पुन्हा पाय धरला.

* * *

दिवेलागणीला जीप माळ चढून मठात आली.

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. भालचंद्राने हात धुतले, पायरीवर येऊन बसला. जाताना रस्ताभर जुळवलेलं ते सगळं बोलणं त्याच्याजवळ असायला हवं होतं.

"हणमंत?" अक्कांनी विचारलं.

"घरी सोडला. पेज प्याला. झोपलाय."

"जीप?"

"चालली."

वाऱ्याने लिंबाची पानं हलली. गोठ्यात गाय उठून उभी राहिली...

वामनबुवा उंबऱ्यात आले. त्यांना राहवलं नाही. "फोरमन, आता तरी इचारा की! सकाळचं तसंच ऱ्हायलंय नव्हं?"

भालचंद्राने अक्कांकडे पाहिलं. तोंड उघडलं.

मग मिटलं.

अक्का त्याच्याकडे वळल्या.

"टोपी बाहेर आलीय रे, भालू," त्या म्हणाल्या. "आता बोललास तरी चालेल."